आपल्यासाठी थांबणारा खेळ

पहिल्या संध्याकाळी लढाई ऐन मध्यावर असताना गॅसवर ठेवलेलं दूध आठवलं आणि मी धावत स्वयंपाकघरात गेले. दूध उतरवलं, दाराशी आलेल्या शेजारणीशी चार शब्द बोलले आणि परत येऊन बसले. टीव्हीच्या पडद्यावर तो निळा थेंब होता तिथेच डुलत होता, चेहऱ्यावर तेच रुंद हसू. मी नव्हते त्या पाच-सात मिनिटांत त्याने माझ्या पोराला साधा ओरखडाही काढला नव्हता. डाव माझा होता, आणि मी काय करायचं ते ठरवेपर्यंत तो जागचा हलणार नव्हता.

हा खेळ मला आवडला तो तिथे. पुढे दहा-बारा तास खेळून झाले, आवडण्याची आणखी कारणं वहीत जमा झाली, पण मुळाशी कारण हेच राहिलं. पुढच्या पानांवरची टिपणं त्या पहिल्या दहा-बारा तासांची आहेत. ती वाचण्याआधी हा खेळ कुठून आला, आणि जुन्या वळणाचा असूनही मला तो शिळा का वाटला नाही, हे सांगायला हवं.

खेळाचं नाव ‘ड्रॅगन क्वेस्ट ११’. जपानमध्ये तो २९ जुलै २०१७ रोजी प्लेस्टेशन ४ आणि निन्टेंडो ३डीएस या दोन यंत्रांवर एकाच दिवशी आला. मी खेळले ती २०१९ साली निन्टेंडो स्विचसाठी निघालेली वाढीव आवृत्ती, इंग्रजीतून. जपानी नावाला आणखी एक शेपूट आहे, ‘सुगिसारिशी तोकी ओ मोतोमेते’, म्हणजे सरून गेलेल्या काळाच्या शोधात. यंत्र आणि खेळ दोन्ही माझ्या भाचीची. ती पुण्यात जपानी शिकते, आणि पुण्यात जपानीच्या वर्गांना किती मुलंमुली जातात ते पाहता यात नवल काही नाही. परीक्षेच्या आधी तिने यंत्र माझ्या घरी आणून ठेवलं. ‘मावशी, हे तुझ्याकडे राहू दे, नाहीतर माझा अभ्यास व्हायचा नाही.’ जाता जाता कंट्रोलर हातात दिला आणि कुठलं बटण कशाचं ते दाखवलं. ‘घाई करू नकोस हं. हा कुठे पळून जात नाही.’ ती सहज बोलली असेल, पण या खेळाची इतकी नेमकी ओळख नंतर मला कुठेही वाचायला मिळाली नाही.

या जातीच्या खेळांना आरपीजी म्हणतात. एका पात्राच्या अंगात शिरायचं, त्याचा प्रवास आपण करायचा, आणि लढत, पडत, उठत त्याला हळूहळू थोर करत न्यायचं. कूळ अमेरिकेचं. कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन टेबलाभोवती बसणाऱ्या मंडळींचा हा खेळ संगणकावर गेला, आणि १९८१ साली ‘विझर्ड्री’ व ‘अल्टिमा’ हे त्यातले दोन गाजलेले खेळ निघाले. युजी होरी हा १९५४ साली आवाजी बेटावर जन्मलेला माणूस त्या काळी ‘शोनेन जंप’ या मुलांच्या साप्ताहिकात लिहायचा आणि फावल्या वेळी स्वतःच खेळ रचायचा. एनिक्स या कंपनीच्या स्पर्धेत बक्षीस मिळालं, त्यातून १९८३ साली अमेरिकेची वारी घडली आणि तिथे त्यांनी ‘विझर्ड्री’ पाहिला. परत आले ते एक प्रश्न घेऊन: हे आपल्याकडच्या साध्या मुलाला खेळता येईल असं कसं करायचं? ‘विझर्ड्री’ खेळायला संगणक हवा, कीबोर्ड हवा, जाडजूड माहितीपत्रक वाचायची चिकाटी हवी. जपानी घरांत होता तो फॅमिकॉम, टीव्हीला जोडायचा, चार दिशा आणि दोन बटणांचा.

पहिला ‘ड्रॅगन क्वेस्ट’ २७ मे १९८६ रोजी फॅमिकॉमवर आला. अख्खा खेळ ६४ किलोबाइटच्या कॅसेटमध्ये बसवलेला. आज सकाळी सकाळी व्हॉट्सॲपवर येणारं सुप्रभातचं चित्रसुद्धा बहुतेक वेळा याहून मोठं असतं. त्या एवढ्याशा जागेत एक राज्य, गावं, गुहा, किल्ले, राक्षस, मंत्र आणि सगळ्यांचं बोलणं बसवायचं होतं. कांजी चिन्हांना जागाच नव्हती, म्हणून सगळा मजकूर अक्षरमालेत लिहिला. कताकाना लिपीचीही सगळी अक्षरं मावेनात, तेव्हा त्यातली वीसेकच निवडली आणि राक्षसांची नि मंत्रांची नावं तेवढ्यांतूनच घडवली. आपल्या मुळाक्षरांतली वीस अक्षरं कुणी हातात ठेवावीत आणि म्हणावं, यातून महाभारतातली सगळी नावं पाड. आज जपानमध्ये शाळकरी पोरांच्या तोंडी असलेली कितीतरी नावं अशा ओढाताणीतून जन्मलेली आहेत.

चित्रांनाही तीच तंगी. नायकाची पाठ किंवा कूस काढायला जागा नाही, म्हणून तो कुठल्याही दिशेला चालला तरी तोंड आपल्याकडेच. मग एखाद्याशी बोलायचं तर तो आपल्या कुठल्या बाजूला उभा आहे ते यंत्राला कसं कळणार? उपाय सरळ केला. ‘बोल’ निवडल्यावर पुन्हा विचारायचं, कोणत्या दिशेला? उत्तर, दक्षिण, पूर्व की पश्चिम? आज हे वाचून हसू येतं, पण मला त्यात समोरच्याला बरोबर घेऊन जायची तळमळ दिसते. खेळाची सुरुवात होते ती राजाच्या दालनात, आणि दालनाचं दार बंद. राजाशी बोलल्याशिवाय, पेटी उघडून किल्ली घेतल्याशिवाय, किल्लीने दार उघडल्याशिवाय आणि जिना उतरल्याशिवाय जगात पाऊल टाकता येत नाही. म्हणजे त्या एका खोलीत पोरगं खेळाची सगळी क्रियापदं शिकून बाहेर पडतं, आणि आपण शिकलो हे त्याला कळतही नाही. शिकवण्याची इतकी सुबक युक्ती मी शाळेच्या पुस्तकांतही फारशी पाहिलेली नाही.

आणि मरणाचा कायदा. होरींच्या खेळात नायक पडला तर निम्मं सोनं जातं, पण लढून मिळवलेला अनुभव शाबूत राहतो. पुन्हा उठायचं, पुन्हा जायचं. ज्याचा हात चपळ नाही तोही रोज थोडंथोडं लढत राहिला तर एक दिवस शेवटच्या राक्षसापुढे जाऊन उभा राहू शकतो. त्या काळचे बहुतेक खेळ बोटांच्या वेगाची परीक्षा घेत. या खेळाने ती परीक्षाच काढून टाकली आणि त्या जागी चिकाटी ठेवली. ‘ड्रॅगन क्वेस्ट ११’ मध्ये हरल्यावर अलीकडच्या आपोआप साठवलेल्या जागेवरून पुन्हा सुरू करण्याची सोयही आहे, पण निम्मं सोनं देऊन उठण्याचा जुना रस्ता त्यांनी बुजवलेला नाही. एकतीस वर्षांनंतरही.

खेळ अर्धवट ठेवायचा तर पहिल्या खेळाच्या त्या कॅसेटमध्ये काही साठवून ठेवता येत नसे. पडद्यावर वीस अक्षरांची एक ओळ यायची, तिचं नाव ‘फुक्कात्सु नो जुमोन’, पुन्हा जिवंत होण्याचा मंत्र. ती वहीत उतरवून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी जशीच्या तशी भरायची. १९८७ च्या दुसऱ्या खेळात हा मंत्र बावन्न अक्षरांपर्यंत गेला. एक अक्षर चुकलं की सगळी मेहनत पाण्यात. तिसऱ्या खेळाच्या कॅसेटमध्ये बॅटरी आली आणि वह्यांची गरज संपली. हा तिसरा खेळ १० फेब्रुवारी १९८८ रोजी, भर बुधवारी विक्रीला आला. दुकानांपुढे लांबच लांब रांगा लागल्या आणि शाळा बुडवून आलेल्या शेकडो मुलांना पोलिसांनी हटकलं. पुढचे खेळ सुट्टीच्या दिवशी काढायची पद्धत त्यानंतर पडली.

आपल्याकडे हे काहीच पोचलं नाही. नव्वदच्या दशकात आमच्या चाळीत टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता, आणि एका कॅसेटमध्ये शेकडो खेळ असल्याचं तिच्यावर छापलेलं असे. मारिओ होता, काँट्रा होता, बदकं मारायची बंदूक होती. वाचायला लागेल असा खेळ मात्र त्यात एकही नव्हता, आणि असता तरी जपानीतला मजकूर आम्हाला कुठे वाचता येणार होता? व्हिडिओ गेम म्हणजे पळणं, उड्या आणि गोळ्या, ही आमच्या पिढीची समजूत तिथून झाली. मुलांच्या हातातल्या मोबाइलकडे बघून आज आपण जे चिडतो त्यातही ती समजूत आहेच. शब्दांवर, गप्पांवर, मुक्कामांवर उभा असलेला एक मोठा प्रकार आमच्या वाटेला आलाच नाही. माझ्या वाटेला तो पन्नाशीत आला.

आता अकराव्या खेळाकडे. एका वादळी रात्री राक्षस एक राज्य उद्ध्वस्त करतात. त्या धुमश्चक्रीत एक तान्हं बाळ परडीतून नदीत वाहत जातं आणि खाली, डोंगराच्या कुशीतल्या एका खेड्यात, मासे धरत बसलेल्या म्हाताऱ्याला सापडतं. जपानी मुलांना इथे पहिल्यांदा मोमोतारो आठवणार, नदीवर धुणं धुणाऱ्या म्हातारीला सापडलेल्या पीचमधून निघालेला मुलगा. मला आठवला कर्ण. ‘मृत्युंजय’ आणि ‘राधेय’ वाचून वाढलेल्या मराठी वाचकाला नदीतून वाहत येणारी परडी दिसली की दुसरं काय आठवणार? बाळाला वाढवणारी अंबर ही बाई मग माझ्यासाठी राधा झाली. इंग्रजीत गावाचं नाव कॉबलस्टोन, मूळ जपानीत इशी. इशी म्हणजे दगड.

सोळाव्या वर्षी गावची रीत म्हणून मुलाने डोंगराच्या माथ्यावर चढून जायचं. सोबत त्याच वयाची मैत्रीण जेमा आणि तिचा कुत्रा. तो निळा थेंब भेटला तो याच वाटेवर. नाव स्लाइम. होरींनी कागदावर चिखलाच्या गोळ्यासारखं काहीतरी खरडून दिलं होतं म्हणे, आणि ‘ड्रॅगन बॉल’वाले अकिरा तोरियामा यांनी त्याला पाण्याच्या थेंबाचा आकार, दोन गोल डोळे आणि हसू दिलं. कार्टून नेटवर्कवर ‘ड्रॅगन बॉल झेड’ पाहिलेल्यांना तोरियामांची रेघ दुरून ओळखू येईल. सगळ्यात दुबळा, सगळ्यात आधी मरणारा हा प्राणी पुढे अख्ख्या मालिकेचं चिन्ह झाला. त्याला मारताना मला दर वेळी थोडं वाईट वाटतं, आणि तसं वाटावं म्हणूनच तोरियामांनी त्याला हसरा काढला असेल असं मी धरून चालले आहे.

डोंगरमाथ्यावर जे घडतं त्यातून मुलाच्या हातावरची खूण उजळते, तो जगाला तारणारा वीर असल्याचं गावाला कळतं आणि आई त्याला राजाकडे पाठवते. राजा त्याला सैतानाचं पोर ठरवून तळघरात डांबतो. इथवरची गोष्ट झपाट्याने जाते आणि खरं सांगायचं तर ओळखीची वाटते. तुरुंगात भेटलेला एरिक नावाचा चोर, भुयार, कड्यावरून धबधब्यात उडी, सगळं छान, पण याआधी पाहिलेलं. मी वहीत लिहिलं होतं, ‘बरं आहे.’

मग तो मुलगा गावाकडे परत येतो. गाव जसंच्या तसं उभं, धूर निघतोय, कोंबड्या फिरतायत. पण कुणी त्याला ओळखत नाही. घरी जावं तर अंबर परक्यासारखी बघते. झाडाखाली एक लहान मुलगी रडत उभी असते, तिचा रुमाल फांदीला अडकलाय. मी झाडावर चढले, रुमाल काढला, खाली येऊन तिला दिला. आणि तिचं नाव कळल्यावर हात थांबला. ती जेमा होती. चार दिवसांपूर्वी आपल्याबरोबर डोंगर चढलेली जेमा, सहा-सात वर्षांची. आपण गावात नव्हे, गावाच्या आठवणीत फिरतो आहोत. नदीकाठी म्हातारा बसलेला असतो, जो खऱ्या काळात केव्हाच गेला आहे. या अनोळखी जवान पोरात तो आपला नातू ओळखतो आणि त्याच्यासाठी नदीकाठच्या एका दगडाशी काय पुरून ठेवणार ते सांगतो. मग ते सगळं विरतं आणि समोर जळलेलं गाव उरतं.

त्या प्रसंगी खेळाने माझ्याकडून काय करवून घेतलं ते पाहा. कुणी सांगितलं नव्हतं तरी मी त्या जुन्या गावात प्रत्येक दारात गेले, प्रत्येक माणसाशी बोलले. मला घाई करायला लावणारं तिथे काहीच नव्हतं. म्हातारा नदीकाठी बसून राहणार होता, मी तासाने गेले तरी. सिनेमाने हाच प्रसंग तीन मिनिटांत दाखवून मला रडवलं असतं. इथे किती वेळ राहायचं ते माझ्या हाती होतं, आणि मी अर्धा तास रेंगाळले. म्हणून जळालेलं गाव दिसलं तेव्हा कुठलं घर कुणाचं होतं ते मला माहीत होतं.

या प्रसंगातच खेळाची एक खोटही उघडी पडते. नायक बोलत नाही. होरींची ही पहिल्यापासूनची धारणा, की नायक म्हणजे खेळणारा स्वतः, त्याच्या तोंडी दुसऱ्याचे शब्द का घालायचे? १९८६ च्या चिमुकल्या ठिपक्यांच्या चित्रात ते चालून जात होतं, कारण चेहराच नव्हता. इथे चेहरा आहे, डोळे आहेत, केसांवर वारा आहे, आणि राख झालेल्या गावापुढे उभा राहूनही हा मुलगा मुका. माझे शब्द त्याच्या तोंडी जात नाहीत, त्याचा चेहरा माझं दुःख दाखवत नाही, आणि दोघांमध्ये एक रिकामी जागा राहते. दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. बायकांच्या पात्रांना दिलेले काही पोशाख आणि त्यांच्यावरचे जुनाट विनोद परंपरा म्हणून जपले आहेत, आणि ते जपायला नको होते. निम्मं सोनं ठेवा, थेंब ठेवा, हे सोडून द्या.

लढाईकडे परत येते, कारण खरा जीव तिथे आहे. दोन्ही बाजू समोरासमोर उभ्या राहतात आणि एकेक करून डाव खेळतात: वार कर, मंत्र म्हण, ढाल धर, औषध दे. सारीपाट खेळलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पात्राला रणात मोकळं फिरवायची सोय या खेळात आहे, पण फिरून फरक काहीच पडत नाही, वार जिथे बसायचा तिथेच बसतो. दोन दिवसांनी मी ती सोय बंद केली आणि जुन्या पद्धतीने सगळ्यांना रांगेत उभं केलं. विचार करायला ते बरं पडतं. हिची प्रकृती अर्ध्यावर आलीय, पुढचा फटका मोठा असेल का, आता मंत्र खर्च करू की मुक्कामापर्यंत पुरवू? हा हिशेब महिनाअखेरीला घर चालवणाऱ्या कुणाही बाईच्या ओळखीचा आहे.

सोबत्यांना दर वेळी हुकूम द्यायचा नसेल तर एक धोरण ठरवून देता येतं. ही पद्धत चौथ्या खेळात, १९९० साली आली. त्यातलं एक धोरण जपानमध्ये म्हणीसारखं झालंय, ‘इनोची दाइजी नि’. भाचीने अर्थ सांगितला, ‘जीव सांभाळा.’ लढायला निघालेल्या माणसांना त्यांच्या म्होरक्याने दिलेला हुकूम, आणि तो असा. मी ते वहीच्या पहिल्या पानावर देवनागरीत लिहून ठेवलं.

मंत्रांची नावंही तिनेच उलगडली. आगीचा पहिला मंत्र ‘मेरा’. आपल्याला ऐकताना हिंदी वाटतं, पण जपानीत आग जळते ती ‘मेरामेरा’, जशी आपल्याकडे ती धडधडा पेटते किंवा धगधगते. मंत्र वाढत जातो तसं नाव वाढतं: मेरा, मेरामी, मेराझोमा. बर्फाच्या ‘ह्याडो’त गारव्याची हुडहुडी आहे. मराठीत सळसळ, झुळझुळ, रिपरिप, भणभण असे शब्द पोत्याने आहेत, तरी आपल्या कथांतले मंत्र मात्र सगळे ‘ॐ ऱ्हीं’च्या घरचे. जपानी मुलाला मंत्राचं नाव ऐकताच त्याचा चटका लागतो, तसा मराठी मुलाला लागेल असं नाव कुणी पाडून पाहावं. मराठीत हा खेळ नाही, पण भाषांतर करायचं ठरलं तर पहिली बैठक या नावांवरच घालवावी लागेल. दुसरी बोलींवर. इंग्रजी भाषांतरकारांनी गावागणिक बोलणं बदललंय. कॉबलस्टोनची माणसं इंग्लंडच्या खेड्यातलं बोलतात, कालव्यांच्या शहरातली इटालियन वळणाचं. मराठीत डोंगराखालचं ते गाव मावळी बोलेल की मालवणी, याच्यावर मी एक अख्खी दुपार विचार केला आहे. गरम पाण्याच्या झऱ्यांचं होत्तो नावाचं गाव तर इंग्रजीत चक्क हायकूत बोलतं, पाच-सात-पाच. शिरीष पैंमुळे हायकू मराठीत रुळलाय, तेव्हा निदान तिथे तरी भाषांतरकाराला आधार मिळेल.

मुक्काम हा या खेळाचा दुसरा पाया. गावोगावी पाद्र्याला भेटून झाला प्रवास नोंदवून ठेवायचा. धर्मशाळेत झोपलं की एक छोटीशी धून वाजते आणि सकाळ होते. रानात ठिकठिकाणी मुक्कामाच्या जागा आहेत, शेकोटी आणि देवीची मूर्ती असलेल्या. तिथे एरिकने दिलेली एक छोटी भट्टी मांडून हत्यारं घडवता येतात. लोखंडाच्या प्रत्येक भागावर किती घाव घालायचे ते आपण ठरवायचं. कमी पडले तर पातं कच्चं राहतं, एक जास्त बसला तर ठरलेली रेघ ओलांडली जाते. लोखंड निवत जातं तसे घावही हलके पडतात, म्हणून जोराचे आधी, नाजूक शेवटी. माझी पहिली सुरी अगदीच सुमार झाली. चौथ्या रात्री एक तलवार अशी उतरली की भाचीला फोटो पाठवला.

आणि संगीत. कोइची सुगियामा हे सिनेमा-टीव्हीला संगीत देणारे नावाजलेले संगीतकार. एनिक्सच्या एका शोगीच्या, म्हणजे जपानी बुद्धिबळाच्या, खेळाबद्दल त्यांनी कंपनीला अभिप्रायाचं कार्ड पाठवलं, आणि त्या कार्डावरून संबंध जुळला. पहिला ‘ड्रॅगन क्वेस्ट’ आला तेव्हा ते पंचावन्न वर्षांचे होते. फॅमिकॉममधून एका वेळी मोजकेच सूर निघत, तेवढ्यांत त्यांनी राजवाड्याला युरोपीय दरबाराची चाल दिली. खेळाच्या सुरुवातीला वाजणारी त्यांची सलामीची धून २३ जुलै २०२१ रोजी टोकियो ऑलिंपिकच्या उद्घाटनात खेळाडू मैदानात येऊ लागले तेव्हा सगळ्यात आधी वाजली. स्विचच्या आवृत्तीत टोकियो मेट्रोपॉलिटन सिम्फनी ऑर्केस्ट्राने वाजवलेलं संगीत आहे. त्यातली रानात चालतानाची चाल मात्र इतक्या वेळा ऐकावी लागते की आठव्या तासाला मी आवाज कमी केला. लेव्हल वाढल्यावर वाजणारे चार सूर ऐकायला परत वाढवला.

सुगियामा ३० सप्टेंबर २०२१ रोजी गेले. तोरियामा १ मार्च २०२४ रोजी. पस्तीस वर्षं एका कामाला जुंपलेल्या तिघांपैकी आता होरी एकटे आहेत. तिघांच्या हातून पुरा होऊन बाहेर आलेला मुख्य मालिकेतला आजवरचा शेवटचा खेळ हाच आहे. नावात ‘सरून गेलेला काळ’ ठेवताना हे कुणाच्या मनात असणं शक्य नव्हतं, पण आज खेळताना ते मनातून जात नाही. या जगात प्रत्येक जीव म्हणजे आभाळात तरंगणाऱ्या एका अफाट वृक्षाचं पान आहे. जपानीत त्याला ‘इनोची नो ताइजू’ म्हणतात, जीवनवृक्ष. मला गीतेतला अश्वत्थ आठवला. पान गळतं, झाड राहतं, असं खेळातली म्हातारी माणसं एकमेकांना सांगत असतात.

टिपणं जशी त्या त्या रात्री लिहिली तशीच ठेवली आहेत. पुढे कळलं म्हणून मागचं दुरुस्त केलेलं नाही, त्यामुळे काही ठिकाणी माझे अंदाज साफ चुकलेले दिसतील. गोष्टीतले मोठे धक्के मलाच अजून माहीत नाहीत, तेव्हा ते फुटण्याची भीती बाळगू नये. कंट्रोलर कधी हातात न घेतलेल्या वाचकांनाही समजावं म्हणून बटणांची भाषा टाळली आहे.

ही प्रस्तावना लिहिण्यात तीन आठवडे गेले आणि तेवढे दिवस यंत्रावर धूळ बसली. भाचीची परीक्षा झाली, पण यंत्र न्यायला ती अजून आलेली नाही. काल रात्री खेळ उघडला. कुठे होते, काय करत होते, काही आठवेना. खेळाने आधी मागची गोष्ट चार ओळींत सांगितली, पुराण सांगायला बसलेले बुवा काल कुठवर आलो होतो ते सांगतात तशी. मग पडदा उजळला. एरिक होता, होत्तोत भेटलेली ती टोपीवाली चिमुरडी जादूगारीण होती, आणि झऱ्यांची वाफ वर जात होती. मी निघाले तशी दोघं मागोमाग चालू लागली.